समोर कुत्रा दिसला की आपला का बिथरतो?

घरात गरीब गायीसारखा वागणारा कुत्रा रस्त्यात दुसरा कुत्रा दिसताच अंगात आल्यासारखा का करतो? त्याला मार द्यायचा, साखळीनं बांधून ठेवायचं की घराबाहेर काढायचं? यातलं काहीच करावं लागत नाही. लागतं ते थोडं अंतर, थोडा खाऊ आणि भरपूर धीर!

सकाळचे साडेपाच. मे महिन्यात झाशीत कुत्र्याला फिरवायला न्यायचं तर हीच वेळ. एकदा ऊन चढलं की डांबर तापतं आणि दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. छावणीतल्या रुंद रस्त्यांवर, रेल्वेच्या वसाहतींत, किल्ल्याच्या पायथ्याशी हातात साखळी धरलेली माणसं दिसायला लागतात. आणि मग एक देखावा हमखास बघायला मिळतो.

समजा, कुत्र्याचं नाव मोती. मोती मालकासोबत मजेत चालला आहे. तेवढ्यात पन्नासेक पावलांवर दुसरा कुत्रा दिसतो. मोती थबकतो. कान टवकारले जातात, तोंड मिटतं, मानेवरचे केस उभे राहतात. मालकाच्या छातीत धस्स होतं. तो साखळीचे दोन वेढे हाताला देतो आणि ओरडतो, ‘नाही मोती, नाही!’ पुढच्याच क्षणी मोती मागच्या दोन पायांवर उभा राहून आकाशपाताळ एक करतो. समोरचाही भुंकायला लागतो. गल्लीतली चार मोकाट कुत्री धावत येतात. दूधवाला घाबरून सायकल कडेला घेतो. आणि कुठल्या तरी गच्चीवरून आवाज येतोच, ‘सांभाळता येत नाही तर पाळता कशाला?’

घरी आल्यावर हाच मोती आजींच्या पायाशी मुटकुळं करून झोपी जातो!

हा काही एकट्या मोतीचा किस्सा नाही. कुत्रा पाळणाऱ्या कित्येक घरांत असा एखादा मोती असतो. रोजच्या तमाशाला कंटाळून आधी दोन वेळचं फिरणं एक वेळेवर येतं. मग नुसती गच्ची. मग अंगणातली साखळी. बांधून ठेवलेला कुत्रा आणखी चिडका होतो आणि शेवटी घरात विषय निघतो, ‘कुणाला तरी देऊन टाकू या.’ मुलं रडतात, आजी जेवत नाहीत, नवरा-बायकोत अबोला होतो. काही लोक तर एखाद्या रात्री गाडीत घालून कुत्र्याला हमरस्त्यावर सोडून येतात. त्याला खायला-प्यायला मिळणार नाही अशा अवस्थेत वाऱ्यावर सोडणं हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला सतत आखूड साखळीनं बांधून ठेवणं हासुद्धा!

‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच’ ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. शेपटाचं असेलही तसं. पण बिथरणाऱ्या कुत्र्याला वळण लावता येतं, हे आता चांगलंच सिद्ध झालेलं आहे. फक्त त्यासाठी आधी त्याच्या मनात काय चाललंय ते समजून घ्यायला हवं.

राग नव्हे, भीती

दुसऱ्या कुत्र्यावर तुटून पडणारा कुत्रा शूर असतो, असा आपला समज. खरं तर तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो. भीती वाटली की प्राण्यापुढे दोन वाटा असतात, पळून जाणं किंवा अंगावर जाणं. गळ्यात साखळी असल्यावर पळायची वाट बंद! मग उरते ती दुसरी. भुंकलं, झेपावलं की समोरचा निघून जातो. खरं म्हणजे तो आपल्या वाटेनं जातच असतो. पण मोतीला वाटतं, आपण भुंकलो म्हणून गेला. पुढच्या वेळी तो आणखी जोरात भुंकतो.

काही कुत्र्यांची तऱ्हा उलटी असते. त्यांना दुसऱ्या कुत्र्याला भेटायची, खेळायची अनावर हौस असते. साखळी आडवी येते आणि मग हट्टी पोरासारखा थयथयाट सुरू होतो. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

याची मुळं अनेकदा पिल्लूपणात असतात. जन्मानंतरच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जगाची ओळख होते. या काळात त्याला वेगवेगळी माणसं आणि इतर कुत्री भेटली, वेगवेगळे आवाज कानावर पडले, तर पुढे त्यांची धास्ती वाटत नाही. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर १९६५ साली आपल्या ग्रंथात हे मांडलं. आपल्याकडे मात्र पिल्लू महिन्याभराचं असतानाच आईपासून तोडून आणण्याची हौस असते. ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई केली आहे, ती उगाच नाही. आई आणि भावंडं त्याला कुत्र्यांची रीतभात शिकवत असतात.

दुसरं कारण म्हणजे एखादा वाईट अनुभव. लहानपणी मोकाट कुत्र्यांनी एकदा घेरलं की ती आठवण पुसत नाही. तिसरं कारण तर मालकाच्या लक्षातही येत नाही. ते म्हणजे दुखणं! कानात पू झालेला, दात किडलेला, कंबर धरलेला कुत्रा दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. म्हणूनच शांत असलेला कुत्रा अचानक चिडका झाला, तर शिकवणी सुरू करण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडे जायला हवं.

आणि चौथं कारण आपल्याच हातात असतं, साखळी! मोकळी कुत्री एकमेकांना भेटताना कधी नाकासमोर चालत जात नाहीत. वळसा घेतात, जमीन हुंगतात, नजर वळवतात. ही त्यांची ‘राम राम’ म्हणायची पद्धत. आपण मात्र अरुंद रस्त्यावर त्यांना समोरासमोर नेतो आणि वर साखळी ताणतो. कुत्र्यांच्या भाषेत ही भांडणाची तयारी झाली. ताणलेल्या साखळीतून मालकाची भीतीसुद्धा कुत्र्यापर्यंत पोचते.

पीटरचा ससा

भीती घालवायची कशी? याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागं जावं लागेल.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ साली पचनसंस्थेवरच्या संशोधनाबद्दल नोबेल पुरस्कार मिळाला. त्या कामात त्यांना एक गंमत दिसली होती. खाणं तोंडात पडल्यावर कुत्र्याला लाळ सुटते, यात नवल नाही. पण खाणं आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीनंसुद्धा लाळ सुटायची! म्हणजे एखादी गोष्ट खाण्याच्या आधी पुन्हा पुन्हा घडली की शरीर त्या गोष्टीलाच खाण्याची वर्दी मानायला लागतं.

त्यानंतर १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी हीच गोष्ट भीतीवर औषध म्हणून वापरली. पीटर नावाचा एक लहान मुलगा सशाला बघून किंचाळायचा. जोन्सबाई त्याला आवडता खाऊ देत आणि त्याच वेळी पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला आणत. पीटर निवांत खात राहिला, तर ससा थोडा जवळ. तो बावरला, तर ससा पुन्हा मागे. असं करत करत एक दिवस पीटर सशाला कुरवाळायला लागला.

बिथरणाऱ्या कुत्र्याची शिकवणी म्हणजे नेमकी हीच युक्ती. पीटरच्या जागी मोती आणि सशाच्या जागी समोरून येणारा कुत्रा!

मोतीची लक्ष्मणरेषा

प्रत्येक कुत्र्याची एक लक्ष्मणरेषा असते. समोरचा कुत्रा तिच्या पलीकडे असेल तोवर आपला कुत्रा त्याला बघतो, पण भानावर असतो. रेषा ओलांडली गेली की भान सुटतं. मग हाक ऐकू येत नाही, शिकवलेलं आठवत नाही. अशा वेळी त्याला काही शिकवायला जाणं म्हणजे आग लागलेल्या घरात पाढे म्हणून घेणं!

ही रेषा कुठे आहे, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे खाऊ. एरवी पनीरसाठी जीव टाकणारा मोती हातातल्या तुकड्याकडे ढुंकूनही बघत नसेल किंवा बोटांना चावा घेत तो हिसकावत असेल, तर आपण रेषेच्या फार जवळ आलो आहोत. आणखीही खुणा आहेत. अंग ताठरतं, नजर एकाच ठिकाणी खिळते, उघडं तोंड मिटतं. त्याआधी कुत्रा उगाचच जांभई देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो. ‘मला हे झेपत नाहीये’ असं तो सांगत असतो. शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूश, हेही दर वेळी खरं नाही. उंच, ताठ आणि झपझप हलणारं शेपूट म्हणजे धोक्याची घंटा!

एखाद्याची रेषा वीस पावलांवर असते, एखाद्याची शंभर पावलांवर. दतिया गेट, खंडेराव गेट, ओरछा गेट अशा दरवाजांच्या आत वसलेल्या जुन्या झाशीत गल्ल्या अशा अरुंद, की दोन कुत्र्यांमध्ये दहा पावलांचंही अंतर मिळू नये. अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी शिकवणीसाठी कुत्र्याला मोकळ्या मैदानाच्या कडेला न्यायला हवं, किंवा जिथे लांबवर दिसतं आणि मागे वळायला जागा असते अशा रुंद रस्त्यावर. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही हीच अडचण असते. तिथे लिफ्ट आणि जिना ही सगळ्यांत वाईट ठिकाणं. दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे ते बघून घेतलं, तर निम्मी भांडणं टळतात.

आधी कुत्रा, मग खाऊ

संत नामदेवांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्यानं पोळी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले! मोतीच्या मालकालाही थोडंफार तसंच करायचं आहे. फक्त वेळ मात्र अचूक साधायला हवी.

पहिले काही दिवस सगळा सराव घरातच. ‘छान’ असा एक शब्द ठरवायचा. तो उच्चारला की लगेच खाऊ. हे पंधरा-वीस वेळा केलं की शब्द ऐकताच कुत्रा मालकाकडे बघायला लागतो. दुसरा धडा माघारी वळण्याचा. चालता चालता ‘चल’ म्हणायचं, हसतमुखानं उलट दिशेला वळायचं आणि कुत्रा सोबत आला की खाऊ द्यायचा. घरात, अंगणात, गच्चीवर हे पक्कं झालं की अडचणीच्या वेळी पळवाट तयार!

मग मैदान. समोर, लक्ष्मणरेषेच्या बऱ्याच पलीकडे, एखादा कुत्रा दिसला. मोतीनं त्याला पाहिलं. त्याच क्षणी ‘छान’ आणि तोंडात तुकडा. पुन्हा पाहिलं, पुन्हा तुकडा. कुत्रा दिसेनासा झाला की खाऊ बंद. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी कुत्रा दिसायला हवा, खाऊ नंतर. उलटं केलं, म्हणजे खिशात हात घालून आमिष दाखवलं आणि मग कुत्रा समोर आला, तर मोतीला खाऊचाच संशय यायला लागतो!

थोड्याच दिवसांत एक गंमत घडते. दुसरा कुत्रा दिसला की मोती भुंकायच्या ऐवजी मान वळवून मालकाकडे बघतो. जणू विचारतो, ‘तो बघ, आला! माझं काय?’ हा क्षण म्हणजे पहिली परीक्षा पास झाल्याची खूण. आता अंतर चार-पाच पावलांनी कमी करायचं. गडबडला, तर पुन्हा मागे. त्यात कमीपणा नाही.

पुढची पायरी म्हणजे शेजाऱ्याचा एखादा शांत कुत्रा. रस्त्याच्या एका कडेनं तो, दुसऱ्या कडेनं मोती, दोघंही एकाच दिशेनं चालणार. समोरासमोर आणायचं नाही. सोबत चालणं कुत्र्यांना भेटण्यापेक्षा कितीतरी सोपं वाटतं. हे सराव दहा मिनिटांपुरतेच. मोती शांत असतानाच थांबायचं, तो थकून बिथरेपर्यंत ताणायचं नाही.

खाऊ मात्र रोजच्या बिस्किटापेक्षा खास हवा आणि तुकडा हरभऱ्याएवढा. उकडलेली कोंबडी, अंडं, शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेलं रताळं चालतं. चॉकलेट, कांदा, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला घातक असतात, ते चुकूनही द्यायचे नाहीत. फिरताना दिलेल्या खाऊच्या हिशेबानं घरातलं जेवण थोडं कमी करायचं.

मार का नको?

‘खाऊ कसले देता? दोन रट्टे द्या, सरळ होईल,’ असा सल्ला देणारे शेजारी प्रत्येक गल्लीत असतात. रट्टा दिल्यावर कुत्रा त्या वेळी गप्प बसतो, हे खरं. पण त्याच्या डोक्यात कोणतं गणित पक्कं होतं? दुसरा कुत्रा दिसला की पाठीत धपाटा बसतो! म्हणजे भीतीचं कारण दुप्पट झालं. गळा आवळणाऱ्या साखळ्या, आतून खिळे असलेले किंवा विजेचा झटका देणारे पट्टे यांचंही तेच. शिवाय गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी सूचना न देता थेट चावतो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०२१ साली स्पष्टच सांगितलं, की सगळ्याच कुत्र्यांना बक्षिसाच्या पद्धतीनं शिकवावं. चिडक्या कुत्र्यांचाही याला अपवाद नाही.

आपल्याकडे तर हा धडा महाभारताच्या आदिपर्वातच आहे. जनमेजयाच्या यज्ञमंडपात आलेल्या सरमेच्या पिल्लाला राजाच्या भावांनी मारलं. पिल्लानं ना हविर्द्रव्य चाटलं होतं, ना त्याकडे पाहिलं होतं. सरमेनं येऊन जाब विचारला, ‘त्याचा अपराध काय?’ कुणापाशी उत्तर नव्हतं. घाबरून भुंकणाऱ्या मोतीच्या पाठीत धपाटा घालण्याआधी हा प्रश्न आठवायला हरकत नाही.

साधनं साधीच लागतात. गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा, म्हणजे हार्नेस, आणि पाच-सहा फुटांची मजबूत सुती दोरी. आपोआप लांब होणारी दोरी नको, ऐन वेळी ती आवरत नाही. कुत्रा पूर्वी कुणाला चावला असेल, तर जाळीची मुस्की सवयीची करून घ्यावी. ती अशी हवी, की तोंड उघडून धापा टाकता येतील. कापडी मुस्कीनं तोंड आवळून झाशीच्या उन्हात कुत्र्याला फिरवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं, कारण धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो.

टेकनपूरची शाळा

झाशीहून ग्वाल्हेरला जाताना वाटेत टेकनपूर लागतं. सीमा सुरक्षा दलाची अकादमी इथे आहे आणि तिच्या आवारात १९७० साली सुरू झालेलं राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र. वेगवेगळ्या दलांच्या श्वानपथकांतली कुत्री इथे माग काढायला, स्फोटकं नि अंमली पदार्थ हुंगायला शिकतात. कुत्रा एकटा शिकत नाही, त्याला सांभाळणारा जवानही त्याच्यासोबत शिकतो. आणि हुंगण्याच्या आधी पाया घातला जातो तो आज्ञापालनाचा. आजूबाजूला दुसरी कुत्री असताना जो स्वतःच्या जवानाकडे लक्ष देऊ शकत नाही, तो कितीही तिखट नाकाचा असला तरी पथकाच्या काय कामाचा?

याच दलाच्या ‘रिया’ नावाच्या मुधोळ हाउंड कुत्रीनं २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात परदेशी जातींच्या कुत्र्यांना मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं जुनं संस्थान. या जातीची जोपासना तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी केली. महाराष्ट्रात तिला कारवानी म्हणून ओळखतात. शिकार दिसताच वाऱ्यासारखं सुटणं हा या जातीचा स्वभाव. ठिकठिकाणची कुत्री जमलेल्या मेळाव्यात तिनं मन लावून काम केलं, यामागे नुसतं रक्त नव्हतं, शिक्षण होतं.

मोतीला स्फोटकं शोधायची नाहीत, नुसतं दूधवाल्याला धक्का न लावता घरी यायचं आहे. त्याच्याही शाळेचा नियम हाच. कुत्र्यासोबत मालकानंही शिकायचं!

गल्लीतले वाघ

आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो, ही म्हण मात्र शंभर टक्के खरी. साखळीतल्या कुत्र्यापेक्षा मालकाला खरी धास्ती असते ती या मोकाट वाघांची. कितीही शिकवलं, तरी चार कुत्री भुंकत अंगावर आली तर मोती काय करणार?

अशा वेळी पळायचं नाही आणि किंचाळायचं नाही. मोतीला पाठीशी घ्यायचं, खिशातला मूठभर खाऊ येणाऱ्या कुत्र्यांच्या पुढ्यात जमिनीवर फेकायचा आणि ती हुंगण्यात गुंतली की ‘चल’ म्हणून वळायचं. छत्री असेल तर ती उघडून मध्ये धरता येते. काठी जमिनीवर आपटायला ठीक आहे, मारायला नको. ज्या गल्लीत कुत्री व्यायली आहे, ती गल्ली महिना-दोन महिने टाळायची. पिल्लांसाठी ती जिवावर उदार होणारच.

कायमचा उपाय मात्र एकट्या मालकाच्या हातात नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला ओळखीची खाच असते. नसबंदीनं माद्यांमागे लागणाऱ्या नरांच्या झुंजी आणि पिल्लांमुळे होणारे हल्ले कमी होतात. वसाहतीतल्या चार घरांनी मिळून पालिकेकडे पाठपुरावा केला, तर मोतीचा रस्ताही मोकळा होतो आणि पोरांचाही. या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांनीही ते ठरलेल्या जागीच, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर घालावं, असं नियम सांगतात आणि सर्वोच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये तसंच बजावलं.

‘बस’ म्हणजे काय?

नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी घरं आहेत. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, तिथे आजही मराठी माणसं जमतात. अशा घरातल्या कुत्र्यापुढे मात्र एक वेगळाच पेच असतो. आजी म्हणतात ‘बस’, म्हणजे खाली बस. शाळेतून आलेला नातू हिंदीत म्हणतो ‘बस!’, म्हणजे पुरे कर. वडील म्हणतात ‘सिट’. बिचाऱ्या मोतीनं काय समजायचं?

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. एकाच वागणुकीला घरातल्या चौघांकडून चार वेगळी उत्तरं मिळाली, तर कुठलीच शिकवण टिकत नाही. वडील मैदानावर धीरानं खाऊ देणार आणि काका संध्याकाळी साखळीला हिसडे देणार, असं चालत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांनी बसून शब्द ठरवायला हवेत आणि ते कागदावर लिहून दाराशी लावायला हवेत. बिथरणाऱ्या कुत्र्याला लहान मुलांबरोबर फिरायला पाठवायचं नाही. खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्यावर भुंकायची सोय असेल, तर खिडकीला पडदा हवा. नाहीतर सकाळी शिकवलेलं दुपारी खिडकीत वाहून जातं.

किती दिवस लागतील?

हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो. उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं, तर आठवडे नव्हे, बहुधा महिने. तेही सरळ रेषेत नाही. दिवाळीचे फटाके, लग्नाच्या वरातीतले बँड, घरातली पाहुण्यांची वर्दळ, असे ताण एकावर एक साचतात आणि काल शांत असलेला मोती आज पुन्हा उसळतो. अशा दिवसांनंतर दोन-तीन दिवस मैदानाला सुट्टी देऊन घरातच खेळ, हुंगून शोधायचा खाऊ आणि झोप. काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते, की डॉक्टर शिकवणीच्या जोडीला औषधही सुचवतात. ते त्यांच्याच सल्ल्यानं घ्यायचं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणि अपेक्षाही बेताच्या हव्यात. मोतीनं प्रत्येक कुत्र्याशी मैत्री करावी, असा हट्ट कशाला? आपल्याला तरी प्रत्येक शेजारी कुठे आवडतो? दिसला तर बाजूनं निघून जातो, तेवढं पुरे. मोतीलाही तेवढंच शिकायचं आहे.

मग एखाद्या सकाळी समोरून कुत्रा येतो. मोती बघतो, मालकाच्या हाताकडे वळतो, तुकडा खातो आणि पुढे चालायला लागतो. दूधवाला सायकलवरून न उतरता निघून जातो. गच्चीवरून कुणी काही बोलत नाही. त्या घरात ‘देऊन टाकू या’ हा विषय त्यानंतर निघत नाही.

चौकट : भांडण जुंपलंच तर…

• दोन कुत्र्यांच्या तोंडामध्ये हात घालू नका. पाण्याचा मारा, जाड चादर किंवा मध्ये सरकवलेली फळी वापरा.

• माणसाला चावा बसला किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना यांतलं काहीही लावू नका.

• त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस ठरलेल्या तारखांना पूर्ण घ्या. जखम खोल असेल, तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं, म्हणून वाट बघू नका.

• आपल्या कुत्र्याला जखम झाली असेल, तर केसांखाली नीट तपासा. वरून लहान दिसणारी दाताची जखम आत खोल असते.

• कुत्र्याचं रेबीजचं लसीकरण दर वर्षी किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा करा आणि त्याचं कार्ड जपून ठेवा.

• भांडणानंतर काही दिवस शिकवणीत मागे जा. अंतर पुन्हा वाढवा आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात करा.